तळव्यात धरलेली फुलदाणी

बाई, मी तुला फसवलं. तू मला नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण गेली तीस वर्षं मी ज्याला त्याला उलटं सांगत आलो. दुकानात चहाला थांबलेल्या माणसाला, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला, आणि माझ्या पोरांना तर ती कळती झाल्यापासून. "सख्ख्या बहिणीनं मला दारातून परत पाठवलं," हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की पुढे पुढे ते बोलताना रागही यायचा नाही, नुसतं तोंड चालायचं.

थोरल्या बहिणीला आपल्याकडे बाई म्हणतात, म्हणून मी तुला जन्मभर बाईच म्हटलं. तेरवीच्या पत्रिकेवर तुझं खरं नाव छापलेलं पाहिलं तेव्हा क्षणभर वाटलं, ही कोण गेली? खाली शोकाकुलांच्या यादीत माझं नाव होतं. बंधू, गजानन, अमरावती. ते वाचून मी पत्रिका उलटी करून गल्ल्यावर ठेवली.

माझी तक्रार तुला ठाऊक होती. मी तेव्हा कपबश्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन बाजार करत फिरायचो. आज अंजनगाव, उद्या बार्शीटाकळी. एसटीच्या टपावर पेट्या आणि उतरलं की भाड्याची सायकल. एकदा अकोल्याला माल उतरवला आणि दोन पेट्या सकाळपर्यंत तुझ्या ओसरीत ठेवू द्या म्हणून आलो. भाऊजी दारातूनच म्हणाले, "आमचा हारफुलांचा धंदा. हे फुटणारं सामान इथं नको." तू त्यांच्या मागे उभी होतीस, हात पिठानं भरलेले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. बोलली काही नाहीस. परत जाताना रेल्वे फाटकापाशी सायकल कलंडली आणि एका पेटीतला निम्मा माल डांबरावर पसरला. मी तुकडे वेचत बसलो आणि त्यातच ठरवलं, हे विसरायचं नाही.

विसरलो नाहीच. अमरावतीत दुकान टाकलं तेव्हा तुला बोलावलं नाही. तरी त्या दिवशी पहिल्या गाडीनं कंडक्टरच्या हाती झेंडूचं तोरण आलं, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. फुलं तुमच्याच मळ्यातली, गाठी तुझ्याच हातच्या. दर पाच फुलांनंतर एक आंब्याचं पान, हे तुझं गणित मी लहानपणापासून ओळखतो. तोरण मी दाराला बांधलं. पोचलं म्हणून कळवलं मात्र नाही. पंधरा दिवस ते तिथेच वाळत राहिलं, काढायला हात धजत नव्हता. हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो.

मग हळूहळू येणं-जाणं सुरू झालं. माणसं म्हातारी होतात, भाऊजी गेले, भाऊबीज असते. मी यायचो, ओवाळून घ्यायचो, पाटावरून उठायचो आणि जेवताना एखादा टोमणा मारायचो. "तुमच्या ओसरीत आता जागा हाय वाटते." तू वरण वाढत राहायचीस.

आता त्या फुलदाणीचं.

जठारपेठेत कॉलेजच्या एक मॅडम राहायच्या. वीसेक वर्षं दर गुरुवारी तू त्यांना निशिगंधाची जुडी नेऊन देत होतीस. त्या मुलाकडे राहायला निघाल्या तेव्हा सामान आवरताना त्यांनी ती फुलदाणी तुझ्या हातात दिली. परदेशातल्या कुठल्याशा चित्रसंग्रहालयातून आणलेली. दीड-दोन वीत उंच, दुधासारखी पांढरी चिनी माती, तोंडाला सोन्याची बारीक रेघ, आणि अंगावर ते जगभर गाजलेलं सूर्यफुलांचं चित्र. तसलं चित्र असलेले कॉफीचे मग माझ्या दुकानातही येतात, पण ते वरून चिकटवलेलं असतं, नखाला कड लागते. हिच्यावर नख फिरवलं तर काहीच लागेना. रंग मातीत मुरला होता. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हाच समजलो, असा माल माझ्या हाताखालून अजून गेलेला नाही.

तू ती बैठकीच्या कोपऱ्यात, भिंतीतल्या फळीवर ठेवली होतीस. तुझं त्या चित्राबद्दलचं मत मी अजून लोकांना सांगतो.

"चित्र काढणाऱ्याले फुलं कोण देल्ली रे? आदल्या दिवसाची हायत हे. दोघांच्या तं माना पार पडल्या. बाजारात कुत्रं विचारणार नाही."

"मंग इतकी सांभाळून कायले ठेवली?"

"आमी रोज संध्याकाळी उतरलेली फुलं उकिरड्यावर टाकतो. त्यानं नाही टाकली. तेही घेतली चित्रात." एवढं बोलून तू पदरानं तिची धूळ पुसलीस आणि मला म्हणालीस, "चहा घेतं का?"

चार वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी आलो तो ठरवूनच आलो होतो. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी नवीन बंगला बांधला होता आणि तसल्या फुलदाणीचा फोटो मला मोबाइलवर दाखवला होता. "अस्सल मिळाली तर बोला," म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर तुझा कोपरा आला. तुला सरळ मागितली असती तर तू दिली असतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मागायची मला सवय नाही. मागणारा अर्धा हरलेला असतो, असं मी पोरांना शिकवलं आहे. आणि मनाच्या तळाशी ते फाटकापाशी फुटलेलं सामान होतंच. म्हटलं, बाईकडे आपलं एक येणं बाकी आहे.

घर भरलेलं होतं. तुझा मुलगा, सून वंदना, नातवंडं, वंदनाच्या माहेरची दोन माणसं. तू मला ओवाळलंस. ओवाळणीत मी दुकानातला सगळ्यात भारी डिनर सेट ठेवला, खोका माझ्या हातानं सुतळीनं बांधलेला. सगळे वा वा करत होते. मग मी सहज उठल्यासारखा कोपऱ्यात गेलो, फुलदाणी उचलली आणि नखानं टिचकी मारली.

आवाज आला 'थद्द'.

"अरे बाप्पा," मी म्हणालो. "बाई, हे तं गेलेली हाय. केस गेलाय हिच्यात."

चिनी मातीच्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर गेली की आम्ही केस गेला म्हणतो. असं भांडं घण्ण वाजत नाही. माझ्या तोंडून ऐकून तुझ्या घरात हे सगळ्यांना कळत होतं. वंदनाची आई लगेच बोलली, "फुटकं भांडं घरात नाही ठेवू वो, दिवाळीचं." मी म्हणालो, "मी नेतो, वाटेत कुठं तरी टाकून देतो. तुले त्याच्या बदल्यात एवढा सेट देल्ला ना." आणि खिशातल्या पिशवीत ती घातलीसुद्धा. पिशवी मी घरून आणली होती.

तू एकदा माझ्या हाताकडे पाहिलंस, एकदा तोंडाकडे. "ने," म्हणालीस.

तुला ठाऊकच आहे, पण हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला यातली चलाखी कळायला हवी. भांडं बोटांच्या टोकांवर पेललं तर वाजतं. तेच भांडं तळव्यात घट्ट धरलं, हाताचं मांस त्याला लागू दिलं, की आवाज तिथेच मरतो. चांगलं भांडं फुटकं ठरवायला एवढं पुरतं. मी डावा तळवा तिच्या पोटाला लावून धरला होता.

आणि हे मला शिकवलं कोणी? तू. आईनं आपल्याला माठ आणायला अंजनगावच्या बाजारात पाठवलं होतं. तू बारा-तेरा वर्षांची, मी सातचा. कुंभार भाव सोडेना. तू एक सुरेख माठ उचललास, छातीशी घेतल्यासारखा दोन्ही तळव्यांत धरलास आणि मला म्हणालीस, "वाजव रे गजू." मी वाजवला. थद्द. "हा तं बोदा हाय, काका." कुंभार तुझ्या हातांकडे पाहून गालात हसला, पण भोवती गिऱ्हाईकं उभी होती, तुझ्याशी वाद घालावा तर सगळ्या माठांबद्दल शंका. त्यानं भाव सोडला. बाजाराबाहेर वळणावर आल्यावर तू माठ पाच बोटांवर पेललास. "आता वाजव." केवढा घुमला तो! आपण दोघं पोट धरून हसलो. मी त्या दिवशी धंदा शिकलो. माझं दुकान, घर, पोरांची शिक्षणं, सगळं त्या वळणावरून निघालं असं म्हटलं तरी चालेल, आणि त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत.

पण त्या गोष्टीचा दुसरा भाग होता. पुढच्या बाजाराच्या दिवशी तू आपल्या वावरातली मेथीची मोठी जुडी आणि शेवंतीची वेणी घेऊन त्या कुंभाराच्या बायकोकडे गेलीस आणि काही न बोलता तिच्या पुढ्यात ठेवलीस. मी वाटभर भांडलो. जिंकल्यावर परत काहून द्यायचं? तू म्हणालीस, "मस्करी एका आठवड्याची असते रे. त्याच्यावर गेली का चोरी होते."

मी पहिला भाग पाठ केला. दुसरा सोडून दिला. मी तुझी फुलदाणी चार वर्षं ठेवून घेतली, बाई.

विकली नाही, एवढं मात्र खरं. त्याच आठवड्यात डॉक्टर दुकानात आले. मी फुलदाणी काउंटरवर ठेवली, त्यांनी हात लावला आणि मी ती माझ्याकडे ओढून घेतली. मी असा काही आकडा बोललो की ते चिडून निघून गेले. गिऱ्हाईक जावं म्हणून भाव सांगितल्याची माझी ती एकच वेळ. नंतर मी ती काउंटरच्या खालच्या कपाटात तणसात ठेवून दिली. दुकानात मांडता येईना आणि घरी नेता येईना, कारण बायको विचारेल. तुला परत देता येईना, कारण काय म्हणून देऊ? केस भरून आला म्हणून?

दोन वर्षांनी तू अंबादेवीच्या दर्शनाला आलीस आणि तिथून दुकानात आलीस. स्टुलावर बसलीस. तुझं पाऊल त्या कपाटाच्या दाराला लागत होतं. मी चहा मागवला आणि उगीच फोनवर कुण्या व्यापाऱ्याला शिव्या घालत राहिलो. तू वाट पाहिलीस. मग चारी बाजूंच्या फळ्यांवर नजर फिरवलीस.

"सूर्यफुलाची फुलदाणी हाय का रे तुह्याकडं एखादी?"

"तसा माल आता येत नाही, बाई."

"येत नाही, का देत नाही?"

मी हसलो. तूही हसलीस. काउंटरवरचा एक कप उचललास, पाच बोटांवर पेललास आणि टिचकी मारलीस. तो स्वच्छ वाजला. "हा चांगला हाय," म्हणालीस, आणि खाली ठेवलास. मी स्वतःची समजूत घातली की म्हातारपणी माणूस असंच काहीबाही करतो. दुकानात आपण दोघंच होतो. कपाटाचं दार मी एका हातानं उघडू शकलो असतो.

मग यंदा तुला दवाखान्यात ठेवलं. मी आलो तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस, वाळलेली, पण डोळे तेच. मी बाहेर शहाळेवाल्याशी भांडून आलो होतो आणि तुला ते रंगवून सांगत होतो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मह्या कोपऱ्यात आता पाल राहून राह्यली."

"बाई, तू बरी हो. तुले त्याच्याहून मोठी आणून देतो."

"मोठी कायले? होती तेवढीच पुरे."

मी खिडकीबाहेर पाहिलं. परतीच्या गाडीत ठरवलं, रविवारी नेऊन देतो. रविवारी सणाच्या मालाचा ट्रक आला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. बुधवारी सकाळी तुझ्या मुलाचा फोन आला.

तिरडीवर घालायची फुलं तुमच्याच मळ्यातून आली होती. फुलांचा ढीग समोर आणि भाव विचारायचा नाही, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. मला तिथे काही कामच उरलं नाही. मी नुसता उभा राहिलो.

तेरवीला मी ती घेऊन निघालो. घरची गाडी होती, पण फुलदाणी ठेवायला मांडी लागत होती, म्हणून एसटीनं गेलो. बडनेऱ्याला कंडक्टर म्हणाला, "काका, ते वर ठेवा." मी म्हणालो, "तुह्या बापाचं हाय का?" सगळी गाडी माझ्याकडे पाहायला लागली. शेजारच्या बाईनं हळूच विचारलं, "काय हाय वो भाऊ त्याच्यात?" "फुटणारं हाय," मी म्हणालो. मूर्तिजापूरपर्यंत माझे दोन्ही हात भरून आले, पण मी पकड ढिली केली नाही. जन्मभर चिनी माती विकली. एखादं भांडं फुटेल याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

पंगती उठल्यावर मी वंदनाला बाजूला बोलावलं आणि कापड सोडलं. वाटलं, ती दचकेल, विचारेल. ती म्हणाली, "आणली का मामाजी?"

मी म्हणालो, "आणली का म्हणजे?"

ती मला बैठकीत घेऊन गेली. कोपऱ्यातली फळी रिकामी होती. चार वर्षं रिकामी. घरात देवाचे फोटो, नातवंडांची बक्षिसं, औषधांचे डबे, सगळं दाटीवाटीनं. त्या फळीवर काही नाही. "आई कोणाले काही ठेवू देत नव्हत्या," वंदना म्हणाली. "म्हणायच्या, गजू आणते ते. जागा राहू द्या." मग तिनं पलंगाखालून खोका ओढला. माझा डिनर सेट. सुतळीची गाठ माझीच, जशीच्या तशी. एक बशी बाहेर काढलेली नाही. "म्हणत, माही वस्तू आल्याबिगर त्याची नाही खोलायची."

मी धंद्यातला माणूस आहे, मला ते तिथेच उमगलं. सौदा झालाच नव्हता. चार वर्षं मी समजत होतो मी जिंकलो, आणि तू माझा माल न उघडता पलंगाखाली ठेवून दिला होतास.

"त्यांले माहीत होतं?" मी विचारलं.

वंदना खाली पाहत होती. "त्याच संध्याकाळी बोलल्या मले. तळव्यात धरली त्यानं, म्हणे. मीच शिकवलं. पण डावा हात लपवाचं काही त्याले आलं नाही." आणि बोलता बोलता तिला हसू फुटलं, आणि मग रडू.

मी फुलदाणी पाच बोटांवर पेलली. टिचकी मारली. बाई, काय वाजली ती! आतल्या खोलीतली माणसं बाहेर आली. तुझा मुलगा दारात थांबला. मी आवाज पार विरू दिला. मग मी ती फळीवर ठेवली. त्या दोन माना टाकलेल्या फुलांकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो आणि जो यायला नको होता तो राग आला. तुझा.

घर भरलेलं होतं, भावाला चारचौघांत चोर कसं म्हणायचं, हे मला समजतं. कुंभारही त्या दिवशी गप्प बसला होता. पण दुकानात? तिथं तर आपण दोघंच होतो, तुझं पाऊल त्या दाराला लागलेलं. दवाखान्यात तू पालीचं बोललीस; माझं नाव घेऊन "गजू, चोर हाय तू, आण माही वस्तू" एवढं बोलायला काय झालं होतं? मी भांडलो असतो, ओरडलो असतो, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं घेऊन आलो असतो. एका शब्दात सुटलो असतो मी. तू तो शब्द दिला नाहीस. जागा मोकळी ठेवलीस आणि वाट पाहिलीस, जसा काही मी कुंभारणीकडे मेथीची जुडी घेऊन जाणाऱ्यांतला आहे.

आणि त्याही आधी, पिठाचे हात घेऊन भाऊजींच्या मागे उभी होतीस, तेव्हाचं काय? तीस वर्षं मी तुला त्याबद्दल टोमणे मारले, सरळ विचारलं एकदाही नाही. आज विचारतो. फुलदाणी तुझ्या कोपऱ्यात आहे, खोका मी माझ्या हातानं सोडला आहे, तुझी नातवंडं त्या बश्यांत जेवताहेत. माझ्याकडचं सगळं मी मांडून ठेवलं. आता तुही पाळी हाय, बाई. त्या दिवशी दारात काहून नाही बोलली? दुकानात काहून नाही बोलली? दवाखान्यात काहून नाही बोलली? जवाब दे मले.